सोमवारचं कोरं पान

॥ श्री ॥

बरखेडा, भोपाळ
रविवार, ता. १६ जुलै १९८९

ती. सौ. वैजूताईस,
श्रीकांतचा सा. न. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. आईच्या पायाचं प्लॅस्टर अजून सहा आठवडे ठेवणार म्हणजे तुझा वर्ध्याचा मुक्काम लांबला. इकडची काळजी करू नकोस, असं लिहिणार होतो. पण पुढे जे लिहायचं आहे ते वाचून तू काळजी करणारच, म्हणून ते वाक्य खोडलं.

भाऊजींनी बजावलं आहे की हे तुला कळवायचं नाही. मी हो म्हटलं नाही. कारखान्याच्या वार्षिक तपासणीत त्यांच्या रक्तात साखर निघाली आहे. जेवणानंतर दोन तासांनी एकशे चाळिसाच्या आत हवी, ती दोनशे बेचाळीस आली. दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई केरळच्या आहेत. त्या हिंदी सावकाश बोलतात, त्यामुळे मला सगळं नीट लिहून घेता आलं. सकाळी न्याहारीआधी एक गोळी, गोड बंद, भात मूठभर, दोन्ही वेळ चालणं. पाच सप्टेंबरला वैद्यकीय मंडळ बसेल. तोवर साखर उतरली नाही तर भाऊजींची क्रेन बंद आणि टूल रूममध्ये टेबल.

सोळा वर्षं ते त्या क्रेनवर आहेत. खाली माणसं उभी आणि वर अठरा टनांचं धूड लटकलेलं, अशा वेळी वर बसलेल्याला घेरी येऊन चालायची नाही, हे डॉक्टरीणबाईंचं म्हणणं मला पटतं. पण भाऊजी टेबलाशी बसून लोकांना पाने आणि हातोडे देताहेत, हे काही डोळ्यांसमोर येत नाही. तेच म्हणाले की टूल रूम म्हणजे निवृत्तीच्या नारळाची वाट बघायचा फलाट. एवढं बोलून त्या दिवशी जेवणावरून उठले.

मी नववीत शाळा सोडली, पण सहकारी भांडारात पाच वर्षं तोलायचं काम केलं आहे. भांडारातला जुना छोटा तराजू साहेबांना विचारून घरी आणला आहे. पोळ्या, भाजी, वरण सगळं तोलून देतो आणि वहीत तारीख, वेळ, पदार्थ, वजन असं लिहितो. भाऊजी म्हणतात, आता मलाही पुडीत बांधून सुतळी लाव. दवाखान्यात साखरेचा वार सोमवार असतो. दर सोमवारी दुपारी रक्त द्यायचं आणि वही दाखवायची.

आईला हे सांगायचं की नाही ते तू ठरव. माझ्या भाचीला, मीनाला पापा. तुझी माया मला आजवर मागावी लागली नाही, तशी पुढेही लागू नये.

तुझा,
श्रीकांत

•

वर्धा
गुरुवार, ता. २० जुलै १९८९

चि. श्रीकांत यास,
अनेक आशीर्वाद.

कळवलंस ते फार बरं केलंस. न कळवतास तर परत आल्यावर तुझ्या त्या तराजूत तुलाच घातलं असतं. तुझ्या भाऊजींना सांगू नकोस की मला कळलं आहे. म्हणजे सांग, पण मी रडले असं सांगू नकोस.

पत्र वाचलं आणि तशीच महादेवाच्या देवळात गेले. नवस बोलून आले की श्रावणातले सगळे सोमवार ते करतील आणि इथे मीही करीन, पण क्रेन सुटता कामा नये. त्यांना हे माझं म्हणून सांग. मी म्हटलेलं ते टाळत नाहीत, नुसते कुरकुरतात.

आता तू विचारशील की श्रावण कुठला. तिकडच्या आपल्या शेजारच्या मनोरमा भाभींचा, म्हणजे उत्तरेकडचा, सावन कालच लागला, आपला त्यानंतर पंधरा दिवसांनी. तू दोन्ही धर. २४ तारखेपासून सुरू करा आणि आपला श्रावण संपेपर्यंत चालवा, सहा सोमवार होतील. भोपाळात राहून महादेवाशी कॅलेंडरावरून वाद नको.

पण त्यांना उपाशी ठेवू नकोस, वर चढणारा माणूस आहे. साबुदाणा रात्रीच भिजत घाल, पाणी बोटाच्या पेराएवढंच, नाहीतर खिचडी गोळा होते. दाण्याचं कूट हात न आखडता घाल, तूप घाल, बटाटा घाल. बरोबर दोन केळी. संध्याकाळी रताळ्याचा कीस आणि राजगिऱ्याचे दोन लाडू, ते गुळाचे असतात म्हणून चालतील. रात्री पुन्हा थोडी खिचडी, उपास मंगळवारी सकाळी सोडायचा. एक दिवस पोटाला आराम मिळाला की साखर आपोआप खाली येईल, असं इथल्या जोशीकाकू म्हणतात. त्यांच्या दिरांना आली होती.

आईला सांगितलं. ती म्हणाली, जावई साखरेचे नव्हते म्हणून आजवर तक्रार होती, आता तीही गेली. बोलली आणि मग माझा हात धरून बसून राहिली.

तू स्वतः जेवत जा. मी आहे तोवर तुला कोणी एकटं म्हणू नये, एवढीच माझी हाव.

तुझी,
ताई

•

बरखेडा, भोपाळ
मंगळवार, ता. ८ ऑगस्ट १९८९

ती. सौ. ताईस,
सा. न. वि. वि.

तीन सोमवार झाले आणि मला काही कळेनासं झालं आहे. पहिल्या सोमवारी साखर दोनशे अडुसष्ट, दुसऱ्या सोमवारी दोनशे एक्क्याऐंशी, काल दोनशे नव्वद. आपण एवढं करतो आणि ती चढतेच आहे.

तू लिहिलंस त्यात मी तसूभर बदल केलेला नाही. साबुदाण्याचं पाणी पेराएवढंच घालतो. खिचडी मोकळी होते. भाऊजी सोमवारी बाराला जेवणाच्या सुटीत घरी येतात, पोटभर फराळ करतात आणि दोनला रक्त देऊन परत जातात. बाकीच्या दिवशी दोन पोळ्या, वाटीभर वरण, पालेभाजी. मिसरोदहून त्यांचे एक सोबती कारखान्याच्या बसने येतात, ते ताजी मेथी आणतात. रोज पिपलानीपर्यंत चालून येतो. भाऊजी पुढे आणि मी मागे. ते म्हणतात की मी वॉरंट घेऊन आलेल्या शिपायासारखा चालतो.

काल डॉक्टरीणबाईंनी माझी वही दोनदा उलटून पाहिली. असं काटेकोर काम त्यांच्या कंपाउंडरलाही जमत नाही, म्हणाल्या. मला बरं वाटलं. मग सोमवारच्या पानांवर थांबल्या. तिथे मी फक्त उपवास एवढं लिहितो, बाकी पान कोरं असतं. त्या म्हणाल्या की पोटात काही नसताना जर साखर दोनशे नव्वद राहत असेल, तर शरीर आतल्या आत साखर तयार करतं आहे आणि एका गोळीने हे आवरणार नाही. आजपासून सकाळी दोन आणि रात्री एक दिली आहे.

 संध्याकाळी घरी आल्यावर भाऊजींनी टूल रूमचा माणूस कधी निवृत्त होतो आहे, एवढंच विचारलं. 

माझं काय चुकतं आहे ते तुला दिसलं तर लगेच लिही. मला रागव, पण लिही.

श्रीकांत

•

बरखेडा, भोपाळ
शुक्रवार, ता. ११ ऑगस्ट १९८९

ती. सौ. ताईस,
सा. न. वि. वि.

सगळ्यात आधी हे वाच: भाऊजी सुखरूप आहेत, घरी आहेत, आत्ता पेपर वाचताहेत. आता पुढचं वाच.

काल गुरुवारी सकाळी साडेअकराला ते वर होते आणि हुकाला अठरा टनांचं धूड होतं. एकाएकी त्यांच्या अंगाला दरदरून घाम सुटला, हात कापायला लागले, डोळ्यांपुढे पिवळं आलं. त्यांनी घंटी वाजवून खालची माणसं हटवली, माल इंच इंच करत जमिनीवर टेकवला, मेन स्विच पाडला आणि मगच मान टाकली. खाली दोर बांधणाऱ्यांचे मुकादम काशिनाथदादा आहेत ना, भंडाऱ्याचे, ते शिडी चढून वर गेले. अशक्तपणा वाटला म्हणून त्यांनी आपल्या थर्मासमधला चार चमचे साखरेचा चहा पाजला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या की त्याच चहानं काम केलं. रक्तात साखर जास्त झाली नव्हती ताई, फार कमी झाली होती. दवाखान्यात आणल्यावर, चहा पोटात गेल्यावरसुद्धा ती बासष्ट होती.

मी भांडारातून धावत गेलो. वही माझ्या पिशवीतच असते. डॉक्टरीणबाईंनी ती मागितली आणि विचारलं की इतर दिवशी हा माणूस इतकं बेताचं खातो, गोळी घेतो, चालतो, मग सोमवारीच हे काय होतं. मी म्हटलं, सोमवारी तर काहीच नाही, उपवास. त्या म्हणाल्या, पाणीसुद्धा नाही का. मी म्हटलं, पाणी असतं, आणि फक्त फराळ असतो. फराळ म्हणजे काय ते त्यांना ठाऊक नव्हतं. मग मी सांगत गेलो आणि त्या लिहीत गेल्या. साबुदाणा कोरडा दीडशे ग्रॅम, बटाटा शंभर, तूप दोन चमचे, दोन केळी, पुढे रताळं, पुढे लाडू, रात्री पुन्हा खिचडी. तोलतो मी सगळंच. फक्त सोमवारचं लिहीत नाही, कारण ते जेवण नव्हे. लाडवांपाशी त्यांनी पेन खाली ठेवलं.

तिथल्या सिंधू सिस्टर अमरावतीच्या आहेत. त्यांनी भिंतीकडे तोंड केलं आणि म्हणाल्या की एकादशी दुप्पट खाशी हे डॉक्टरांना हिंदीत कसं सांगू. मला हसू आलं नाही. माझ्या कोऱ्या पानावरून गोळ्या तिप्पट झाल्या होत्या आणि त्या गोळ्यांनी काल खालच्या सात माणसांच्या डोक्यावर अठरा टन आणून ठेवले होते. मी तसं म्हटलं. डॉक्टरीणबाई आधी रागावल्या, मग त्यांनी मला स्टुलावर बसवलं आणि पाणी दिलं. चूक आपलीही आहे, म्हणाल्या. पान कोरं दिसलं की विचारायला हवं होतं.

मग त्यांनी सगळं समजावलं, ते मी माझ्या रीतीनं लिहितो. आपण खातो तो भांडारात येणारा माल. रक्त म्हणजे बाहेरचा रस्ता. अंगातले स्नायू म्हणजे गोदाम, आणि त्याची किल्ली ज्या कारकुनाकडे आहे तो भाऊजींच्या बाबतीत थकला आहे. पोळी, डाळ, भाजी हा माल हातगाडीनं हळूहळू येतो, त्याला झेपतं. साबुदाणा म्हणजे नुसतं पीठच, एकदम दहा ट्रक. कारकून कुलूप उघडेपर्यंत रस्ता तुंबतो. गोळी म्हणजे त्या कारकुनावर ओरडणं. ट्रक असतात तेव्हा ठीक, पण माल थोडाच असेल आणि आपण तिप्पट ओरडलो तर तो रस्त्यावरचं सगळं आत ओढतो आणि रस्ता ओस पडतो. जेवल्यावर चालणं म्हणजे गोदामाचं मागचं दार उघडणं, त्याला किल्ली फारशी लागत नाही.

गोळी आता सकाळी अर्धीच आहे. मंडळ बसेपर्यंत वर चढायला मनाई.

ताई, अजून तीन सोमवार उरले आहेत आणि नवस तुझा आहे. साबुदाणा नको हे मी तुला कसं सांगू ते मला कळत नाही, म्हणून सरळ लिहिलं आहे. रागावलीस तरी पत्र बंद करू नकोस.

श्रीकांत

•

भोपाळ
शनिवार, ता. १२ ऑगस्ट १९८९

प्रिय वैजयंती हीस,
स. न. वि. वि.

श्रीकांतचं पत्र तुला मिळेलच. त्यानं सगळा दोष स्वतःकडे घेतला असणार, त्यातला निम्मा परत घेण्यासाठी हे लिहितो आहे.

दुसऱ्या सोमवारीच मला शंका आली होती. खिचडी खाल्ली की तासाभरात घशाला कोरड पडायची आणि परत वर जाऊन बसलो की डोळे मिटायला लागायचे. इतर दिवशी तसं व्हायचं नाही. मी शाळेत फार हुशार नव्हतो, पण एवढं गणित मला येतं. तरी बोललो नाही. तू तिथे आईंचं अंथरूण काढून, स्वतः उपाशी राहून माझ्यासाठी देवापुढे उभी आहेस आणि मी म्हणायचं की तुझ्या नवसानं मला त्रास होतो? 

दुसरं कारण सांगायला लाज वाटते. आठवड्यातले सहा दिवस तुझा भाऊ मला सोन्यासारखं तोलून देतो. सोमवारी एकदाच भरलेली ताटली समोर यायची. आणि त्याची खिचडी तुझ्यापेक्षा मोकळी होते. हे मी बासष्ट साखरेतून वाचलेला माणूस म्हणून लिहितो आहे, रागावू नये.

त्या दिवशी वर काय वाटलं ते एकदाच सांगतो. भीती वाटली ती माझी नाही. खाली काशिनाथ उभा होता, त्याच्या मुलीचं लग्न ठरलं आहे. हात माझे राहिले नव्हते. मी मनात मोजत होतो, एक इंच, अजून एक इंच. टेकल्याचा आवाज आला तेव्हा मला तुझं नावसुद्धा आठवत नव्हतं, नुसतं बरं वाटत होतं.

मंडळापुढे काय होईल ते होवो. आता लपवणार नाही, तुझ्यापासूनही नाही. आईंना नमस्कार, मीनाला आशीर्वाद. तुझा जीव माझ्यात आहे हे ठाऊक आहे, तो थोडा स्वतःतही ठेव.

तुझा,
अरविंद

•

वर्धा
बुधवार, ता. १६ ऑगस्ट १९८९

चि. श्रीकांत यास,
अनेक आशीर्वाद.

तुझं आणि त्यांचं, दोन्ही पत्रं एकाच टपालानं आली. तुझ्या पहिल्या ओळीबद्दल तुला शंभर वर्षं आयुष्य मिळो. ती नसती तर मी पुढचं वाचूच शकले नसते.

तुझं काय चुकलं ते दाखव म्हणाला होतास. तुझं एवढंच चुकलं की माझं ऐकलंस. खिचडी मीच लिहून पाठवली, तूप मीच घालायला लावलं, सहा सोमवार मीच केले. दुपारभर मी चुलीपाशी बसून होते. शेवटी आईनंच हाक मारली, पत्रं वाचून घेतली आणि म्हणाली की महादेवानं हलाहल पचवलं ते स्वतः. जावयाला तुपात परतून खाऊ घाला, असं त्यानं कुठं सांगितलं होतं? मी रडत होते ती हसायला लागले, आणि मग हसू सुटलं ते थांबेना. मीना घाबरली.

आता ऐक. नवस मी बोलले, तर उरलेले सोमवार मीच करीन. त्यांना सोमवारीही पोळी, वरण, मेथी दे. देवापुढे जाऊन तसं सांगून आले. देव काही बोलला नाही, म्हणजे चाललं. माझ्याही फराळात आता ताक आणि भाजलेले दाणे एवढंच. मागचे सोमवार मलाही दुपारी झोप यायची, मला वाटायचं दगदगीनं येते.

तुझ्या भाऊजींना सांग की खिचडीबद्दलचं वाक्य मी वाचलं आहे. भोपाळला आल्यावर त्याचा विचार करू. आणि त्यांना हेही सांग की नवस मोडला असता तरी मला चाललं असतं. ते मोडून मला चालणार नाही.

पाच तारखेचं काय होतं ते तारेनं कळव. पत्रही पाठव, तारेत तुला सविस्तर लिहिता येत नाही आणि मग तू आजारी पडतोस.

तुमच्या दोघांवर जीव टांगून बसलेली,
ताई

•

बरखेडा, भोपाळ
बुधवार, ता. ६ सप्टेंबर १९८९

ती. सौ. ताईस,
सा. न. वि. वि.

तार मिळालीच असेल. क्रेन राहिली! एवढंच लिहून पत्र संपवावं असं वाटतं, पण तू बजावलं आहेस.

चौदा तारखेला, तुझं पत्र येण्याआधीच, डॉक्टरीणबाईंच्या सांगण्यावरून पोळी-वरण दिलं होतं, साखर एकशे अठ्ठ्याहत्तर, एकवीसला एकशे त्रेपन्न. तेव्हा डॉक्टरीणबाईंनी उरलेली अर्धी गोळीही थांबवून पाहिली. अठ्ठावीसला एकशे अडतीस, परवा एकशे एकतीस. गोळीशिवाय. परवाच गणपती बसले. भाऊजींनी एक मोदक मागून घेतला, निम्मा मला दिला आणि आरती झाल्यावर आपणहून पिपलानीपर्यंत चालून आले.

काल मंडळात तिघे होते. डॉक्टरीणबाई, शॉपचे इंजिनिअर आणि कार्मिक विभागाचे एक मोठे अधिकारी सुधाकरराव, मूळचे नागपूरचे, अरेरा कॉलोनीत राहतात. मी बाहेर बाकावर होतो, त्यामुळे आतलं भाऊजींनी सांगितलं ते लिहितो. सुधाकररावांचा सूर पहिल्यापासून कडक होता. एकदा वर घेरी आलेल्या माणसाला पुन्हा वर कशाला पाठवायचं, असं ते म्हणाले. भाऊजींनी काही लपवलं नाही. दुसऱ्या सोमवारी शंका आली होती आणि आपण गप्प बसलो, हेही सांगितलं. इंजिनिअर म्हणाले की यांनी त्या अवस्थेत घंटी दिली, माल टेकवला आणि मग मान टाकली, दुसरा असता तर आधी मान टाकली असती. काशिनाथदादांच्या टोळीनं लिहून दिलं होतं की आम्हाला वर हेच हवेत. डॉक्टरीणबाईंनी आकडे पुढे ठेवले आणि म्हणाल्या की आजारी होता तो उपवास, माणूस नव्हे. इंजिनिअर मोठ्यानं हसले. सुधाकरराव हसले नाहीत.

ठरलं ते असं. क्रेन चालू. दोन महिने केबिनमध्ये सोबत दुसरा माणूस, दर महिन्याला तपासणी, आणि काही वाटलं तर त्याच क्षणी घंटी.

भाऊजी बाहेर आले, माझ्या खांद्यावर हात ठेवला. आम्ही निघणार एवढ्यात शिपाई आला की वहीवाल्याला साहेबांनी आत बोलावलं आहे.  मला वाटलं, निर्णय फिरला. आत सुधाकरराव एकटेच होते. त्यांनी दार लावायला सांगितलं, खुर्ची दिली, खिडकीबाहेर पाहिलं आणि अगदी हळू आवाजात मराठीत विचारलं की मोठी ताटलीभर खिचडी म्हणजे साबुदाणा साधारण किती ग्रॅम होतो. मी म्हटलं, दीडशे. त्यांनी डोळे मिटले. त्यांचा गुरुवार असतो आणि संकष्टीही असते, आणि साखर तीन वर्षांपासून आहे. डॉक्टरांना ते दरवेळी सांगतात की आपण आठवड्यातून एक दिवस तर काहीच खात नाही.

त्यांनी माझ्यापुढे सरकारी कागद आणि पेन ठेवलं. उपवासाला काय चालेल ते मी लिहून दिलं: ताक, मूठभर भाजलेले दाणे, काकडी, हवीच असेल तर भगर, तीही दुधी किसून, वाटीभर. खाली ठळक लिहिलं की गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय यातलं काहीही करू नये, आणि जे खाल्लं ते सगळं त्यांना सांगावं. त्यांनी कागद दोनदा वाचला, घडी घालून वरच्या खिशात ठेवला आणि मला दारापर्यंत पोचवायला आले. तिथे थांबून म्हणाले की डॉक्टरांना मी आजच सांगतो, पण घरी सांगायला चार दिवस लागतील. त्यांच्या सौभाग्यवतींचा तो गुरुवारचा नवस अकरा वर्षं चालू आहे.

आईला घेऊन येशील तेव्हा गाडीचा वार कळव, दोघेही स्टेशनवर येतो. तुझा रागही चालेल, लोभही चालेल, तू मात्र लवकर ये.

तुझा,
श्रीकांत